रुमालाखालची चार बोटं

बैलाची पारख आणि माणसाची पारख एकच, असं किन्हीराजा गावचे पंजाबराव छातीठोकपणे सांगत. गुरांच्या बाजारात त्यांना आजवर कुणी फसवलं नव्हतं. मग एक वेल्डर निवडायला असा कितीसा वेळ लागणार!

वेल्डर हवा होता मोटारीसाठी. अकोल्याच्या एका वकिलाकडून घेतलेली ती जुनी, दुमडत्या कापडी टपाची मोटार गावात एकुलती एक. पण तिचं मागचं एक दार रस्त्यात आपोआप उघडायचं, आणि मडगार्ड एका म्हशीने धडक देऊन फाडलेलं. गाडी तशीच रेटली असती हो, पण मध्ये आली विहीण! शिरपूरच्या गोजराबाई लग्नातल्या मानपानावरून रुसल्या त्या रुसल्याच. सुनेला, म्हणजे पंजाबरावांच्या लेकीला, प्रयागला, लग्नापासून माहेरी धाडलं नव्हतं. अखेर त्यांचा निरोप आला, "मोटार घेऊन या. धडधाकट पाह्यजे. मंग मी सोता पोरीले घेऊन येतो."

"काईबी करा, पन मोटार नीट करा," पंजाबरावांची कारभारीण सोजरबाई म्हणाली. "माही लेक घरी आली पाह्यजे!"

अकोल्याच्या कारखान्याने सांगितलेल्या पैशात एक गोऱ्हा आला असता. गावच्या लोहाराने "आत्ता ठोकून देतो" म्हणत घण उचलला, तशी पंजाबरावांनी गाडीच मागे घेतली. राहिला जवळच्याच मालेगावचा शालिग्राम. कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनात ग्यासवर वेल्डिंग शिकून तो नुकताच आला होता. पंजाबरावांनी त्याला पुढून पाहिलं, मागून पाहिलं. बोलतो कमी, हात काळे, शेजाऱ्याशी भांडण नाही. पसंत!

"मडगार्ड जोडतो, मालक," शालिग्राम म्हणाला. "पन या दाराचं कुलूप गेलं. नवं महाग पडते. सस्त्यात म्हनसान तं दार वेल्डिंगनं बंदच करून टाकतो. बाकीची दारं हायेतच."

"झकास! आता भाव."

शालिग्राम तोंड उघडणार तोच पंजाबरावांनी खांद्यावरचा रुमाल त्याच्या हातावर टाकला. गुरांच्या बाजारात भाव का कुणी तोंडाने बोलतं? रुमालाखाली बोटं धरायची, जितकी बोटं तितका भाव. शेजारच्याला पत्ता लागता कामा नये! पंजाबरावांनी त्याची चार बोटं करकचून धरली. म्हणजे चार रुपये.

शालिग्रामने मात्र जन्मात बैल घेतला नव्हता. तो आधी बावरला. मग त्याने मोटारीच्या दारांवरून नजर फिरवली आणि विचारलं, "चार?"

"चार म्हंजे चार! लोकाईसमोर बोंबलतं कायले?"

"तुमची मर्जी, मालक. गाडी तुमची हाय."

घासाघीस नाही, कटकट नाही! पंजाबराव खुशीत घरी आले.

ठरल्या दिवशी ते बैलांच्या दमणीने पुढे शिरपूरला गेले. ड्रायव्हर सेवालालने मालेगावहून मोटार परस्पर तिकडे आणली. मडगार्डाचा सांधासुद्धा दिसत नव्हता! गोजराबाई नथ घालून अंगणात उभ्या, मागे अर्धं शिरपूर. पंजाबरावांनी रुबाबात दार ओढलं. हललं नाही. दुसरं ओढलं. मग तिसरं. मग चौथं.

"सेवालाल, हे काय हाय बे?"

"मले काय माहीत? मी तं रोज वरूनच उडी मारतो! तुमी माह्यासंग धाडलेले चार रुपये त्यानं विसार म्हनून ठेवले. म्हने, चारी दारं पक्की केली, मालकानं बोटं धरून सांगतलं व्हतं."

पंजाबरावांनी पहिलं दार पुन्हा एकदा ओढून पाहिलं.

"काहून?" गोजराबाईंची भुवई चढली. "बसवाचं नाही काय आमाले?"

"तसं नाही, विहीणबाई! मोठ्या लोकाईच्या मोटारीत वरूनच बसा लागते!"

मग पाट आला, पाटावर पाट आला, खालून ढकलायला दोन जावा आल्या, आणि कापसाचं गाठोडं चढवावं तशा गोजराबाई आत गेल्या. प्रयाग एका ढांगेत चढली आणि पदरात तोंड खुपसून किन्हीराज्यापर्यंत हसत राहिली.

उतरायला शिडी लावावी लागली. सारं गाव जमलं. "डावा पाय, मावशी! अवं, दुसरा डावा!" जमिनीवर पाय टेकताच गोजराबाईंनी जाहीर केलं, "आता शिडीनं चढत नसतो. बैलगाडीत तं बसतच नाही! दारं उघडा, मंगच आमी दोघी जाऊ."

सोजरबाईला आभाळ ठेंगणं झालं. दारं बंद तोवर लेक घरात! "त्या शालिग्रामले निरोप धाडू नोका बरं," ती कुजबुजली.

"धाडते कोन!" पंजाबराव मिशीत हसले. बोटांनी कामच केलं होतं की!

पण गोजराबाई पाहुण्या थोड्याच होत्या, त्या विहीण होत्या! डाळ पातळ, भाकर जाड, उखळ चुकीच्या कोपऱ्यात. पंजाबरावांची बाज त्यांनी घेतली, तंबाखू ओसरीबाहेर घालवली. एका सकाळी प्रयाग डोक्यावर घागर घेऊन बापापुढे थांबली.

"बाबा, मी माहेरी आली का सासरीच हाये? मले काही समजूनच नाही राह्यलं. आता तं आईबी माह्यासंग सासूबाईचे पाय दाबून राह्यली."

पंजाबरावांनी तडक मोटारीत उडी मारली. तेवढी सवय झाली होती आता! थेट मालेगाव.

"दारं कापाची? कापून देतो," शालिग्राम म्हणाला. मधल्या काळात त्याला कुणीतरी बाजाराची रीत समजावली होती. त्याने अदबीने हात पुढे केला. "टाका रुमाल, मालक."

पंजाबरावांनी रुमाल काढला आणि घाम पुसला.

"राहू दे रे बाप्पा! तोंडानं सांग, मोठ्यानं सांग, साऱ्या बाजाराले आयकू जाऊ दे. म्हनशीन तो भाव देतो. पन सांजेच्या आत दारं उघड!"