त्रेचाळीस मिनिटं

‘आमचे सर्व्हर ९९.९ टक्के वेळ चालू’ असं होस्टिंग कंपन्यांच्या जाहिरातीत लिहिलेलं असतं. तुम्ही-आम्ही ते वाचतो आणि पुढे जातो. आमच्या दोंडाईचाचे सुकलालनाना तिथेच थांबतात. पेन्सिल काढून उरलेल्या ०.१ टक्क्याचं गणित मांडतात, महिन्याला त्रेचाळीस मिनिटं असं उत्तर काढतात आणि कंपनीला फोन लावतात, “ही त्रेचाळीस मिनिटं कोणत्या वारी, किती वाजता? वेळापत्रक पाठवा.”

नाना वीज खात्यात लाइनमन होते. लाइट जाणार असेल तर लोकांना आधी सांगायचं, हा त्यांचा धर्म. फोनवरची मुलगी बिचारी म्हणाली, “सर, ते आधी सांगता येत नाही.” नाना चिडले नाहीत. तिचं गाव विचारलं, जेवलीस का विचारलं आणि फोन ठेवून मला म्हणाले, “पोर गुणी शे. पन तिना साहेबले काही माहीत नही.” हे सगळं मी ऐकलं, कारण नाना फोन कानाला लावत नाहीत. स्पीकर लावून, फोन तळहातावर धरून बोलतात.

मी स्टेशन रोडला वेबसाइटी करून देते. मिरचीचे व्यापारी, साडीची दुकानं, एक-दोन क्लासवाले अशी माझी गिऱ्हाइकं. नाना त्यातलं सगळ्यात छोटं आणि सगळ्यात जड गिऱ्हाईक. होस्टिंग म्हणजे आपली साइट ठेवायला भाड्याची खोली, असं मी त्यांना एकदाच समजावलं आणि आजतागायत पस्तावते आहे. एकाच मशीनवर बऱ्याच साइटी राहतात म्हटल्यावर नानांचा पहिला प्रश्न, “शेजारे कोन शे?” शेजारी साडीवाला निघाला तर दिवाळीत गर्दी उसळणार, मग आपल्या दारापर्यंत माणूस पोचणार कसा? खरं सांगते, एवढा शहाणा प्रश्न मला कुठल्याही शिकल्या-सवरल्या गिऱ्हाइकाने विचारलेला नाही.

साइट कसली, तर इथून सात-आठ किलोमीटरवरच्या त्यांच्या गावाची. दर सोमवारी नाना तिच्यावर नवा फोटो टाकतात. शाळेवर बसवलेले पत्रे, पोळ्याचे बैल, कुणाच्या अंगणात वाळत घातलेली मिरची. एक फोटो मात्र कायमचा. कुलूप लावलेलं एक घर, आणि त्याच्या ओट्यावर भर उन्हात पेटलेला बल्ब. शिवाय दिवसभर तासातासाला साइट उघडून बघायची आणि वहीत ‘चालू’ असं लिहायचं. एकदा लग्नाच्या पंगतीत उजव्या हाताने बट्टी चुरता चुरता डाव्या हाताने ‘चालू’ लिहिताना मी त्यांना पाहिलंय.

मग जुन्या कंपनीने गाशा गुंडाळला आणि महिनाअखेर साइट हलवा असं कळवलं. नानांनी पाच कंपन्यांना तोच त्रेचाळीस मिनिटांचा प्रश्न टाकला. चौघांनी गोड बोलून टाळलं. पाचवा म्हणाला, “काका, बंद पडेल कधीतरी. पडली तर फोन मी स्वतः उचलेन.” नाना खूश झाले. “हाऊ मानूस खरा शे.”

मी सुटकेचा श्वास टाकला. म्हटलं, “रविवारी दोनेक तास साइट बंद ठेवू, सामान नव्या खोलीत नेऊ, की झालं. तेवढ्यात बघतंय कोण?”

नानांचा चेहरा उतरला. “आनि नेमका तव्हयच तो उना ते?”

नेमका तेव्हाच साइट बघायला आला तर, अशी भीती ज्याची, तो म्हणजे नानांचा धाकटा भाऊ, भिका. बारा वर्षांपूर्वी त्याच्या मुलीचा साखरपुडा होता. मांडवातली लाइट तारेवर आकडा टाकून घेतलेली. नेमकी त्याच दिवशी गावात तपासणी आली आणि भर दुपारी, पाहुणे पानावर बसलेले असताना, आकडा काढायला खांबावर चढावं लागलं ते नानांनाच. पंखे थांबले, माइक थांबला. भिकाने फक्त वर बघितलं. मुलीचं लग्न उरकलं, घराला कुलूप लावलं आणि तो सुरतला निघून गेला. नंबरही बदलला. नाना दोनदा सुरत पालथी घालून आले.

“गाव सोडेल मानूस कव्हय ना कव्हय गावनं नाव फोनमा टाकस,” नाना म्हणाले. “हट्टी शे तो. येक डाव दार बंद दिसनं, ते परत यी का? त्याना घरमा मी येक डाव अंधार करेल शे, माय. आते नही.”

फोटोतलं घर भिकाचं होतं. नानांनी तिथे रीतसर मीटर बसवून घेतलं होतं आणि तो बल्ब रात्रंदिवस चालू ठेवला होता. इतके दिवस त्यांची थट्टा केली याची मला फार लाज वाटली.

मग मी नानांच्या पद्धतीने काम केलं. नवी साइट आधी उभी केली, चालवून पाहिली, मगच पत्ता तिकडे वळवला. पत्ता वळवला तरी काहींचे फोन एक-दोन दिवस जुन्याच दारात जातात, म्हणून जुनी साइट आठ दिवस तशीच ठेवली. आठव्या दिवशी ती पुसायला बसले, तर नाना म्हणाले, “थांब वं माय. घर सोडताना कोनाडा येक डाव देखी लेतस.”

त्यांच्या समाधानासाठी मी जुन्या साइटवर लोकांनी लिहिलेले निरोप उघडले. एक निरोप होता. साइट हलवली त्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी अकरा वीसचा. नाव नव्हतं.

‘ओटाना बल्ब दिवसबी काब्रं चालू ठेवस? लाइट वाया जास.’

खाली मोबाइल नंबर.

नानांनी दोनदा वाचलं. मग वही उघडून त्या दिवसावर बोट ठेवलं. अकरा, चालू. बारा, चालू.

“लावा ना फोन,” मी म्हटलं.

“पहिले बल्ब बंद करी येस.”

मीही दुकानाचं शटर ओढून त्यांच्या मागे गावी गेले. नानांनी बटण बंद केलं, ओट्यावर बसले, टोपी सारखी केली आणि नंबर लावला. पलीकडे कुणीतरी फोन उचलला.

“बंद व्हयना रे भिका,” नाना म्हणाले. “आते संध्याकायले तूच यीसन लाव.”

तळहातावरच्या फोनमधून घोगरा आवाज आला, “सुरतनी गाडी दोंडाईचाले आजूनबी थांबस ना?”

नानांनी सगळ्या गाड्या सांगितल्या. कुठली किती वाजता सुटते, कुठली किती वाजता पोचते, कुठल्या वारी नसते. बारा वर्षं त्यांना ते वेळापत्रक पाठ होतं.