मापकाकांची खुर्ची वर जाते

घर भाड्याने द्यायचं तर ते कसं भरलेलं दिसलं पाहिजे, हा विचार मापकाकांच्या डोक्यात शिरला आणि तेव्हापासून त्यांना स्वतःच्या घरात बूड टेकायला जागा उरली नाही.

काका नकाशे काढायच्या कचेरीत होते. खिशात कायम टेप. (दाढीआधी गालालाही लावत असतील, असा काकूंचा संशय.) त्यांचा वरचा फ्लॅट तीन नोकरदार मुलींना मिळून भाड्याने घ्यायचा होता. पलंग, कपाटं, टेबल, सगळं अगदी मापात बसलं. हॉलचा एक कोपरा तेवढा बोडका राहिला.

"तुमची आरामखुर्ची ठेवा तिथे," काकू म्हणाल्या.

"माझी?" काका उडालेच. त्या खुर्चीला त्यांच्या पाठीचा आकार आला होता. काका रागावले की तीसुद्धा कुरकुरायची.

"अहो, दाखवण्यापुरती! त्यांनी हो म्हटलं की आणू खाली."

खुर्ची दारातून जाईना. (टेप खुर्चीला लावली होती, दाराला नाही.) शेवटी सुताराने चौकट उतरवली, खुर्ची आत ढकलली आणि चौकट पुन्हा ठोकली.

मुली आल्या. पलंगाकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. त्यांच्यातली नर्स जी खुर्चीत बसली, ती उठेचना.

"ऊठ गं, आम्हालाही पाठ आहे!" बाकीच्या दोघी ओरडल्या.

"काका, घर पसंत. पण खुर्चीसकट हं!"

"ती... जरा मोडकी आहे हो. पडाल."

"इश्श! कालच म्हणत होतात ना, हत्ती बसला तरी हलायची नाही?" काकूंनी तत्परतेने आठवण करून दिली.

झालं. मुली राहायला आल्या आणि खाली काकांच्या नशिबी स्वयंपाकघरातलं स्टूल आलं.

मग वरचे नळ एकाएकी गळायला लागले. निदान काकांना तरी तसं वाटायचं. एकदा नळ, एकदा बल्ब, एकदा खिडकीची कडी. पाना घेऊन काका रोज संध्याकाळी हजर.

"काका," एकदा नर्सने विचारलं, "बल्ब बघायला खुर्चीत पडून डोळे मिटावे लागतात?"

"उजेड पापण्यांवर नीट कळतो," काका म्हणाले. आपल्या हजरजबाबीपणावर ते खूश झाले. मुली हसल्या, पण दुसऱ्या दिवशी भिंतीवर कागद लागला: खुर्चीच्या पाळ्या. तिघींच्या दोन-दोन संध्याकाळी. बुधवार रिकामा.

काकांनी मनातल्या मनात उडी मारली. पोरी समंजस! बुधवारी ते दाढी करून, पाना न घेताच, ताठ मानेने जिना चढले.

खुर्चीत काकू होत्या. पाय वर, डोळे मिटलेले. तिघी मुली चहा करत होत्या.

"माझा वार आहे," काकू डोळे न उघडता म्हणाल्या. "कागद लागला त्याच दिवशी मागून घेतला. आणि आलाच आहात तर तो मोरीतला नळ बघा. आता खरंच गळतोय."