कोपरात अडकलेलं स्थळ

ताडकळसचे बन्सीधरराव घरातलं कोणतंही काम परक्या माणसाला करू देत नसत. नळ गळायला लागला की तेच दुरुस्त करणार, आणि मग तो धो धो वाहणार! पंखा कुरकुरला की तेच खोलणार, आणि मग तो कायमचा गप्प होणार! त्यामुळे लेक भक्तीला बघायला सोनपेठहून पाहुणे येणार असं ठरलं आणि पार्वतीबाईंनी घराला रंग द्यायचा विषय काढला, तेव्हा रंगाऱ्याचं नावसुद्धा त्यांनी बायकोला पुरतं घेऊ दिलं नाही.

"रंगारी कशाला? मी काय मेलोय का?"

"अहो, हे काय दोन भिंतीचं काम हाय का?"

"तू नुसती बघत राहा. पाव्हणे घर बघून चकित न्हाई झाले तर नाव बदलून ठेवीन!"

मग काय! भिंती घासणं आलं, भेगांत लुकण भरणं आलं, वर हात करून छत आलं. सकाळी ब्रश हातात घ्यायचा तो दिवेलागणीलाच खाली ठेवायचा. घर मोठं झोकात पिस्ता रंगाचं झालं. पण शेवटची भिंत उरकता उरकता उजव्या कोपराच्या बाहेरच्या अंगाला अशी कळ निघाली की ब्रश हातातून सुटला तो थेट दारातल्या गायीच्या पाठीवर! गाय दोन दिवस पिस्ता रंगात चरत होती. बन्सीधररावांना मात्र दुसऱ्या सकाळी चहाचा कपदेखील उचलता येईना. कप धरला की कळ, दाराची कडी फिरवली की कळ, टॉवेल पिळला की डोळ्यांसमोर काजवे.

गावात हातपाय मुरगळला की लोक वस्ताद दत्तरावांकडे जात. वस्तादांनी एकेकाळी तालीम गाजवलेली होती आणि आता ते येणाऱ्याजाणाऱ्याच्या शिरा बसवत. त्यांनी बन्सीधररावांच्या बरगडीला गुडघा लावला, मनगट धरलं आणि विहिरीतून पोहरा ओढावा तसा हात ओढला. कट्ट! असा आवाज झाला.

"बसली!" वस्ताद म्हणाले.

"काय बसली?"

"शीर. चढली होती."

"वस्ताद, आधी नुसतं कोपर दुखायलं होतं. आता खांद्यापासून करंगळीपर्यंत ठणकायलंय!"

"बरोबर हाय. दुखणं पांगलं की पातळ होतंय!"

इकडे पाहुण्यांचा दिवस उजाडला. मुलाचं नाव राम. परभणीत त्याचा फिजिओथेरपीचा दवाखाना होता. हा शब्द काही बन्सीधररावांच्या तोंडात बसेना, म्हणून ते सगळ्यांना 'व्यायामाचा डॉक्टर' असं सांगत. पार्वतीबाईंना आनंद झाला. "अहो, मग त्यालाच दाखवा की हात!"

"येडी का खुळी तू? बघायला आलेल्या सोयऱ्याला घरातला आजार दाखवायचा? उद्या म्हणतील, बापाचा हात असा तर पोरीचा कसा असंल! हाताचं नाव काढायचं न्हाई. इज्जतीचा सवाल हाय!"

तर असा बेत ठरला! ज्याला दुखणं दाखवायला लोक परभणीला रांग लावतात, त्याच्यापासूनच दुखणं लपवायचं!

पाहुणे आले. मुलाचे वडील किशनराव, मुलाची आत्या पंचफुलाबाई आणि खुद्द राम. रामराम झाला. बन्सीधररावांनी डाव्या हातानं पाण्याचा तांब्या उचलला आणि किशनरावांपुढे केला. पाहुण्याला डाव्या हातानं पाणी! किशनरावांच्या मिशा नुसत्याच हलल्या. पंचफुलाबाई मात्र गप्प बसणाऱ्यातल्या नव्हत्या.

"का हो, उजव्या हाताला काय झालं?"

"काही न्हाई! व्रत हाय," बन्सीधरराव बोलून गेले.

"हाताचं व्रत?"

"हां! भक्तीचं लग्न जमेपर्यंत उजवा हात वापरायचा न्हाई म्हणून कुलदैवताला बोललोय."

पंचफुलाबाईंचे डोळे भक्तिभावानं मोठे झाले. "लय कडक व्रत हाय! मग जेवता कोणत्या हातानं?"

"जेवायला... जेवायला सूट हाय."

"अन् देवाची पूजा?"

"त्यालाबी सूट हाय."

"मग बंदी कशाला हाय म्हणायची? आमाला पाणी द्यायलाच का?"

आतून पार्वतीबाईंच्या हातातलं भांडं पडल्याचा आवाज आला. तेवढ्यात भक्ती पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आली म्हणून निभावलं. पोरगी देखणी, कृषी विद्यापीठात शिकून आलेली, बोलायला धीट. किशनरावांनी तिला शिक्षण विचारलं, पंचफुलाबाईंनी पुरणपोळी येते का ते विचारलं. राम मात्र मुलीला सोडून मुलीच्या बापाकडे टक लावून बघत होता.

"तुला काही विचारायचं का रे?" किशनराव म्हणाले.

"हो. तुमच्या बाबांना रात्री कुशीवर झोपता येतं का?"

"काय?" किशनराव ओरडले.

"आणि कडी फिरवताना कळ येते का?"

भक्ती बापासारखी लपवाछपवी करणाऱ्यातली नव्हती. "लय येते! परवापासून दातानं पिशव्या सोडायलेत!"

राम उठून बन्सीधररावांशेजारी येऊन बसला. त्यांना नाही म्हणायलासुद्धा सवड न देता त्यानं त्यांचा हात सरळ केला, मनगटावर तळवा ठेवला आणि म्हणाला, "मी खाली दाबतो, तुम्ही मनगट वर उचला." बन्सीधररावांनी उचललं मात्र, "मेलोऽऽऽ!" अशी आरोळी ठोकली की शेजारच्या बायका परसात धावल्या.

"टेनिस एल्बो आहे," राम शांतपणे म्हणाला.

"टेनिस?" किशनरावांनी बशी खाली ठेवली. "बन्सीधरराव, मध्यस्थ म्हणाला होता, माणसाला कसला नाद न्हाई!"

"आईशप्पथ, मी आयुष्यात टेनिस बघितलं न्हाई! रंग दिला हो घराला, रंग!"

रामनं सगळ्यांना गप्प केलं आणि कामाला लागला. त्यानं अंगठा कोपराच्या बाहेरच्या हाडाखाली नेमका टेकवला आणि आडवा आडवा चोळू लागला. सुरुवातीला बन्सीधररावांना सात पिढ्या आठवल्या. मग हळूहळू कोपर सुन्न झालं. मग त्यानं एका हातानं दंड पक्का धरला, दुसऱ्या हातानं कोपराखालचा भाग अलगद बाजूला सरकवून धरून ठेवला आणि म्हणाला, "आता मूठ आवळा."

बन्सीधररावांनी डोळे मिटून मूठ आवळली. डोळे उघडले. पुन्हा आवळली. कळ नाही! त्यांनी उजव्या हातानं भरलेला तांब्या उचलून पंचफुलाबाईंसमोर धरला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. दुखणं असं जातं हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

"पुन्हा दुखेल. काही आठवडे उपचार लागतील," राम म्हणाला.

किशनराव आता खुशीत आले. "आमाला पोरगी पसंत हाय. तुमचं काय?"

बन्सीधररावांनी 'पसंत' म्हणायला तोंड उघडलं. आणि तसंच उघडं ठेवलं.

गोम अशी होती. आपल्याकडे जावई म्हणजे घरातला चालताबोलता देव. वयानं पोरगेला असला तरी सासरा त्याच्या पाया पडतो, त्याला पाटावर बसवून त्याचे पाय धुतो. अशा जावयाच्या मांडीवर कोपर ठेवून 'चोळा' म्हणायचं? असा सासरा ताडकळसात आजवर झाला नव्हता! म्हणजे हो म्हटलं की राम जावई झाला. जावई झाला की उपचार संपले. हो म्हटलं नाही तर तो नुसता डॉक्टर. आणि डॉक्टरकडून खुशाल चोळून घ्यावं!

"विचार करून कळवतो," बन्सीधरराव म्हणाले. आत पार्वतीबाईंच्या हातातलं दुसरं भांडं पडलं.

झालं! दर रविवारी रामची मोटारसायकल परभणीहून ताडकळसला येऊ लागली. डॉक्टर मोठा चिकाटीचा. 'अजून थोडं राहिलं आहे' म्हणायचा आणि कोपर धरलं की सोडत नसे. हात आधाराला धरायला भक्तीच लागायची, गरम पाण्याचा शेक भक्तीच द्यायची, आणि कोणता स्नायू कुठून कुठे जातो हे तो तिलाच समजावून सांगायचा. चोळणं झालं की चहा, चहा झाला की पुन्हा एकदा चोळणं. बन्सीधरराव डोळे मिटून म्हणायचे, "हां! तिथंच! नेमकी जागा सापडली तुमाला डॉक्टर!"

रविवार सोडून बाकीच्या दिवशी सोनपेठहून फोन यायचे. कधी बन्सीधरराव म्हणायचे पत्रिका दाखवायची आहे. कधी म्हणायचे भक्तीच्या मामाला विचारायचं आहे. मामानं स्वतः फोन करून 'मला पसंत आहे' म्हटल्यावर ते म्हणाले, मामाच्या सासऱ्याला विचारायचं आहे!

"दुसऱ्या डॉक्टरकडून चोळून घ्या की!" पार्वतीबाई बेजार होऊन म्हणाल्या. "खामखा पोरीचं स्थळ का लटकावून ठेवायलात?"

"दुसऱ्याच्या अंगठ्याला ही जागा सापडंल का? अर्धवट सोडलं तर हात जन्माचा जाईल. थोडा दम धर."

शेवटी किशनरावांचाच दम संपला. एका शनिवारी त्यांचा फोन आला. "बन्सीधरराव, लय झालं. आमच्या गावात लोक म्हणायलेत, डॉक्टर पोराला नकार आला. उद्या आमी पालमचं स्थळ बघायला जायलोत. रामला घरी बोलावून घेतलंय. तो उद्या तुमच्याकडं येणार न्हाई." आणि फोन बंद!

बन्सीधररावांनी मागं वळून बघितलं तर भक्ती उभी.

"बाबा, तुमाला हे स्थळ पसंत न्हाई का?"

"लय पसंत हाय गं."

"मग हो का म्हणत न्हाई?"

बन्सीधररावांचा डावा हात आपोआप उजव्या कोपरावर गेला. भक्तीनं त्या हाताकडे बघितलं आणि तिला सगळं कळलं. आधी तिला हसू फुटलं. "म्हणजे माझं लग्न तुमच्या कोपरात अडकलंय व्हय!" मग हसता हसताच तिनं, पदर नव्हता म्हणून, ओढणी डोळ्यांना लावली आणि ती आत निघून गेली.

बन्सीधररावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. एकुलती एक पोर! तिनं आजवर बापाकडे काही मागितलं नव्हतं, आणि आता जे मनात होतं तेही तिला तोंड उघडून मागावं लागलं. आपल्याइतका स्वार्थी बाप साऱ्या जिल्ह्यात नसेल असं त्यांना वाटलं, आणि ते फारसं चुकीचंही नव्हतं.

"हात गेला खड्ड्यात!" ते गरजले. "पार्वती, पहिली एसटी किती वाजता हाय?"

रविवारी सकाळी एसटी बदलत बदलत नवराबायको सोनपेठला पोचले तेव्हा किशनराव इस्त्रीचे कपडे घालून जीपमध्ये एक पाय ठेवून उभे होते. पंचफुलाबाई आधीच आत बसल्या होत्या. राम ओट्यावर पडलेल्या चेहऱ्यानं बूट घालत होता. एकच बूट बराच वेळ घालत होता.

"थांबा!" बन्सीधरराव धापा टाकत म्हणाले. "पोरगी दिली! पालमला जाऊ नका!"

"आता? इतके दिवस काय करायलात मग?"

मग बन्सीधररावांनी भर रस्त्यात सगळं सांगून टाकलं. जावयाकडून अंग चेपून घेता येत नाही म्हणून त्यांनी जावईच करून घेतला नव्हता! पंचफुलाबाईंनी जीपमधून डोकं बाहेर काढलं. "अन् ते हाताचं व्रत?"

"तेबी खोटंच होतं, आत्याबाई! पण आता बास. हात लुळा पडला तरी चालंल. आजपासून हे आमचे जावई. यांचं बोट मी कोपराला लागू देणार न्हाई!" असं म्हणून ते सगळ्यांदेखत रामच्या पायाशी वाकले. राम दचकून एका बुटावर मागे उडी मारून उभा राहिला.

किशनरावांचा राग पार विरघळला. इतके दिवस लटकावून ठेवलं म्हणून काय झालं, पोरीसाठी हातावर पाणी सोडायला निघालेला माणूस! त्यांनी काळजीनं पोराकडे बघितलं. "रामा, असा अर्ध्यात सोडला तर यांचा हात वाया जाईल का रे?"

रामचे कान लाल झाले.

"सांग की! अजून किती दिवस लागतील?"

"हात... बरा हाय त्यांचा."

"कधीपासून?"

"दुसऱ्याच खेपेला बरा झाला होता."

"मग पुढच्या सगळ्या रविवारी तू तिथं काय चोळायला जायलास?"

राम जीपच्या टायरकडे बघू लागला. आधी पंचफुलाबाईंना हसू फुटलं, मग किशनरावांना, मग शेजारच्या ओट्यावरच्या अनोळखी माणसालाही. बन्सीधरराव तेवढे हसले नाहीत. धडधाकट कोपर पुढे करून, डोळे मिटून, 'हां! तिथंच! नेमकी जागा!' असं आपण किती भक्तिभावानं म्हणत होतो ते त्यांना आठवत होतं.

तोंड गोड झालं, भक्तीला फोन झाला, तिकडून ती काय म्हणाली ते रामनं कोणाला सांगितलं नाही. परत निघताना पार्वतीबाई सोनपेठच्या बाजारात शिरल्या. कांदे घेतले, वांगी घेतली, लग्नघर म्हणून गुळाची भेलीच घेतली. दोन्ही पिशव्या गच्च भरल्या आणि त्यांनी नवऱ्यासमोर आणून ठेवल्या.

"अगं, माझा हात..." बन्सीधरराव म्हणाले.

"बरा हाय म्हणं," पार्वतीबाई म्हणाल्या आणि झपाझपा बसस्टँडकडे चालू लागल्या.

बन्सीधररावांनी जड पिशवी उजव्या हातात उचलली. बसस्टँडपर्यंत ते कळ येण्याची वाट बघत चालले. कळ काही आली नाही!