आपल्याच दाराची कडी

आमच्या शेजारची सुमन स्वतःच्या घरात शिरण्याआधी कडी वाजवते. घरात ती एकटीच राहते. कुलूप तिनेच काढलेलं असतं, किल्ली तिच्याच हातात असते, तरी कडी वाजवून उंबऱ्याबाहेर गप उभी राहते आणि मग आत जाते. माझी पडवी तिच्या दारासमोर, मध्ये फक्त दगडी गडगा. त्यामुळे हा तमाशा मला रोज फुकट दिसतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं, मुंबईच्या नोकरीत बाईचं डोकं फिरलं.

नोकरी कंप्युटरची होती. मुंबईत कुठल्याशा मोठ्या हापिसात डेटाबेस सांभाळायची. निवृत्त झाली आणि आजारी आईसाठी गावी आली. आई गेली, ही राहिली.

तिचं दुसरं वेड म्हणजे "मालक कोण?" गडग्यावर कोंबडी बसली, हिचा मालक कोण? रस्त्यात चप्पल पडली, मालक कोण? मी एकदा तिच्या परसातला कढीपत्ता तोडला.

"तात्या, मालकाला विचारलंत?"

"मालक तूच ना गो?"

"मग विचारा."

विचारलं. "घ्या," म्हणाली. तोवर इकडे माझी आमटी उतू गेली.

माझी शाळा चौथीपर्यंत, लिहायची सवय नाही. तरी लिहितोय, कारण यंदा माझ्या आंब्याला माझं नाव लागलं ते हिच्यामुळे, आणि तोंडावर आभार मानायची आमच्या घराण्यात रीत नाही.

झालं असं. वाडीतल्या आम्ही बागायतदारांनी पेटीवर चिठ्ठी लावायची ठरवली. गिऱ्हाइकाने तिच्यावर मोबाइल धरला की हा आंबा कुणाच्या कलमाचा ते दिसतं. कुठलाही आंबा रत्नागिरीचा म्हणून विकणाऱ्यांची त्यामुळे पंचाईत. ही सगळी माहिती माझ्या ओटीवरच्या कंप्युटरात, चिठ्ठ्या छापायच्या त्याही त्यातूनच. ऐन हंगामात त्याची डिस्क भरली. मी शहरातून माणूस आणला, जुनी डिस्क काढून नवी बसवून घेतली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टेम्पो यायचा, आणि सकाळी बघतो तर डेटाबेस चालूच होईना. चिठ्ठी नाही म्हणजे आंबा बिननावाचा जाणार. बापाने लावलेली कलमं, आणि आंबा बिननावाचा!

सुमनला हाक मारली. आली, आणि माझ्या सताड उघड्या दाराची कडी वाजवून उभी.

"अगो ये ना! आंबे पिकून सडायची वाट बघतेस?"

आत आली, कंप्युटरकडे बघितलं. "मालक कोण?"

"मी! दुसरा कोण?"

"तुम्ही नव्हे, तात्या. फोल्डरचा."

पहिल्यांदा तिला सापडली एक पाटी. सिमलिंक म्हणाली ती त्याला. माहितीच्या मूळ जागी कुणीतरी नुसती पाटी लावून ठेवली होती, की माहिती हवी तर अमक्या डिस्कवर जा. ती डिस्क तर आम्ही काढलेली. "घर हललं, पाटी जुनीच," म्हणाली, आणि पाटी नव्या डिस्ककडे वळवली.

तरी चालू होईना. मग कळलं, त्या माणसाने माहिती नव्या डिस्कवर उतरवली ती अख्ख्या कंप्युटरच्या मुखत्याराच्या नावाने. डेटाबेसचा तिथे काडीचा हक्क नाही. तिने एक ओळ लिहिली, फोल्डर डेटाबेसच्या नावावर.

"इतक्यात नाव चढलं? सातबाऱ्याला जन्म जातो गो!"

तरी नाही. आता ती माझ्याकडे वळली. "सगळ्यांना दारं उघडी कुणी टाकली?"

मीच. त्या माणसाच्या डोक्यावर उभं राहून सांगितलं होतं, या फोल्डरची सगळ्यांना सगळी परवानगी देऊन टाक, मागाहून कटकट नको.

"डेटाबेसला हे चालत नाही. कुणीही आत डोकावेल अशा घरात तो राहायलाच येत नाही."

"तुझाच भाऊ दिसतो."

ती हसली नाही. मालकापुरतं दार ठेवून बाकीच्यांना बंद केलं. तरी नाही! तेवढ्यात टेम्पोवाल्याचा फोन, पालीच्या बाजारातून निघालो. माझा आवाज चढला. "मुंबईत हेच करत होतीस काय?"

ती एकेका फोल्डरवरून बोट फिरवत खाली आली आणि मधल्याच एकावर थांबली. "घर त्याचं, दार त्याचं, पण वाट या मधल्या फोल्डरातून आहे. आणि इथून जायची त्याला परवानगी नाही."

"म्हणजे वहिवाट!" मी ओरडलो. भावकीच्या गडग्यातलं बेडं, ये-जा करायचं फाटक, माझ्यासाठी उघडं राहावं म्हणून मी किती भांडलोय ते वाडीला ठाऊक आहे. "अगो, हे आधी मला नाही का विचारायचं?"

"चुकलंच, तात्या. जायला द्यायचं, आत काय आहे ते बघायला द्यायचं नाही. बरोबर?"

"बरोबर. आणि कैऱ्या पाडायच्या नाहीत."

तिने तेवढीच परवानगी लिहिली. डेटाबेस उठला. प्रिंटरमधून चिठ्ठी बाहेर आली, तिच्यावर माझं नाव. मी ते अक्षर अक्षर लावून वाचलं. टेम्पो येईपर्यंत चिठ्ठ्या डकवतच होतो.

टेम्पो गेल्यावर एक पेटी उचलून तिच्यामागोमाग तिच्या घरी गेलो. तिने कुलूप काढलं, कडी वाजवली आणि उभी राहिली. पेटी घेऊन मीही उभा. माझे हात भरून आले.

"आत आहे कोण गो, ज्याला विचारतेस?"

"आई शेवटी शेवटी मला ओळखायची नाही, तात्या. परकं कुणी आत शिरलं म्हणून घाबरायची. मग मी कडी वाजवायला लागले. ती विचारायची, कोण? मी सांगायचे, सुमन. मग कधीतरी म्हणायची, ये." तिचा हात कडीवर तसाच होता. "घर अजून तिच्याच नावावर आहे."

आणि माझ्या फोल्डरचा मालक हिने एका ओळीत बदलला होता. मी पेटी उंबऱ्यावर ठेवून आलो.

आता ती बाहेरून यायच्या वेळी मी पडवीत असतो. कडी वाजते. मी गडग्यावरून ओरडतो, "ये गो, ये!" मग ती आत जाते. त्या घराचा मी कुणीच नव्हे, हे मला ठाऊक आहे आणि तिलाही. पण मालक कोण, हे तिने मला अजून एकदाही विचारलेलं नाही.