गेल्या वर्षीचा नमुना

तपासनीसांनी सकाळपासून सातव्यांदा ओव्हनचं दार उघडलं, तेव्हा बायकोने बाहेरच्या खोलीतूनच सांगितलं, की त्या वड्यांनाही जरा एकांत लागतो. तपासनीस औषधांच्या कारखान्यात माल तपासायचे, म्हणून सासरी सगळे त्यांना याच नावाने ओळखत. एरवी त्यांना ते आवडायचं. गेलं वर्षभर मात्र कानाला टोचत होतं.

बायकोच्या थोरल्या बहिणीला, म्हणजे ताईंना, गहू चालत नसे. त्यातलं ग्लुटेन पोटात गेलं की त्या आडव्याच व्हायच्या. गेल्या वर्षी त्यांच्या वाढदिवसाला तपासनीसांनी मोठ्या हौसेने तांदळाच्या पिठाचा केक केला, "यात गव्हाचा कण नाही" अशी छातीवर हात ठेवून हमी दिली आणि ताईंनी तीन दिवस अंथरूण धरलं. तेव्हापासून त्या या घरात फिरकल्या नव्हत्या. दोघी बहिणी फोनवर बोलायच्या. फोन ठेवला की बायको तपासनीसांकडे नुसती बघायची आणि ते अर्ध्या ताटावरून उठायचे.

आज पाच वाजता ताई येणार होत्या. तपासनीसांनी अगदी गयावया करून बोलावलं होतं. बदामाचं पीठ, अंडी, खजूर, जर्दाळू, कोको आणि कडसर चॉकलेट, एवढ्याच जिनसांच्या वड्या भाजायच्या होत्या.

पहिला ट्रे ओव्हनमध्ये गेला आणि त्यांचं लक्ष चाळणीकडे गेलं. कोको त्यांनी गव्हाच्या पिठाच्या चाळणीने चाळला होता. चाळणी धुतलेली होती, असं बायको म्हणाली. "धुतलेली म्हणजे नक्की किती वेळा?" असं त्यांनी विचारल्यावर तिने बाहेर जाऊन टीव्हीचा आवाज वाढवला. तो ट्रे शेजारच्या शिंपीकाकांकडे गेला. दुसऱ्या खेपेला नवी चाळणी आली, पण खजूर चिरले गेले ते पाव कापायच्या फळीवर. तोही ट्रे शेजारी गेला.

"चाळणी काय नि फळी काय," शिंपीकाका बोटं चाटत म्हणाले, "तुम्ही आणखी एकदा चुका. मी घरीच आहे."

बदामाचं पीठ संपलं. तपासनीस एका पायात स्वतःची आणि दुसऱ्या पायात बायकोची चप्पल घालून दुकानात धावले. पुडक्यावरची बारीक अक्षरं त्यांनी दोनदा वाचली, तोवर मागची रांग कुरकुरायला लागली होती. घरी येऊन त्यांनी इतक्या वेळा हात धुतले की बोटं सुरकुतली. साडेचारला तिसऱ्या ट्रेच्या वड्या कापून झाल्या. मग कारखान्यातल्या शिरस्त्याप्रमाणे एक तुकडा डबीत घालून, वर तारीख-वेळ लिहून त्यांनी फ्रीझरमध्ये ठेवला. तक्रार आलीच तर तपासायला नमुना हाताशी हवा. त्या डब्यांपायी बायकोला वर्षानुवर्षं मटार ठेवायला जागा मिळत नव्हती.

ताई वेळेवर आल्या. तपासनीसांनी पुढे केलेली सगळ्या जिनसांची यादी त्यांनी वाचली, वड्यांकडे बघितलं आणि भूक नाही म्हणाल्या. बायकोचा चेहरा पडला. ती चहा टाकते म्हणून आत गेली.

तपासनीसांना बसवेना. ते उठले, फ्रीझरच्या तळातून एक जुनी डबी घेऊन आले आणि ताईंसमोर ठेवली.

"तुमच्या वाढदिवसाचा केक. वर्षभर तपासायला धीर झाला नाही. उद्या प्रयोगशाळेत देतो. चूक माझी निघाली तर पुन्हा आग्रह करणार नाही."

ताईंचा रंग उतरला. "तपासून सगळं कळतं?"

"गहू असला तरी कळेल, नसला तरी कळेल."

ताईंनी एकदा स्वयंपाकघराकडे बघितलं आणि आवाज अगदी खाली आणला. "भावजी, नका देऊ. त्या दिवशी इथे येताना वाटेत बेकरी लागली. दोन क्रीमरोल खाल्ले मी. दहा वर्षांत खाल्ले नव्हते हो. हिला कळलं तर जन्मभर ऐकवेल. आणि तुमच्याकडे यायचं तर तुमच्या तोंडाकडे बघायची लाज वाटायची."

तपासनीसांना एकाच वेळी नाचावंसं आणि रडावंसं वाटलं. वर्षभराचं ओझं उतरलं होतं, आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती. तेवढ्यात कपांचा आवाज आला. ताईंनी हात जोडले.

"ती कसली डबी?" बायकोने विचारलं.

तपासनीसांनी डबी उघडून केकचा तो गोठलेला तुकडा उचलला आणि अख्खा तोंडात टाकला. दातांतून कळ थेट मेंदूत गेली. ताईंनी मुकाट्याने एक वडी घेतली, मग दुसरी, मग तिसरी, आणि बायकोचे डोळे भरून आले.

"बघा, मनावर घेतलं तर जमतं तुम्हाला," ती म्हणाली. "मागच्या वेळी एवढीच काळजी घेतली असती तर?"

"चुकलंच माझं," तपासनीस तोंडातला बर्फ सांभाळत म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई ठणठणीत होत्या. पोट बिघडलं ते तपासनीसांचं. ते पांघरूण घेऊन पडले होते आणि बायको बाहेर फोनवर ताईंना सांगत होती, "काल ह्यांनी तोच केक खाल्ला गं, डबीवर तुझ्या वाढदिवसाची तारीख होती. आता स्वतःच आडवे झालेत. आपला संशय खराच होता बघ."

पलीकडे ताईंनी आधी भावजींना औषध काय दिलं ते विचारलं. मग म्हणाल्या, की रविवारी त्या भावजींना बघायला येतील, आणि आता दर रविवारीच येत जातील.