वीस पायांची खंडी

बिरूआप्पा कोळपे माणसं मोजताना डोकी मोजत नाही, पाय मोजतो. लग्नाच्या पंगतीत यजमानाला सांगतो, "एकशेबारा पाय बसलेत, वाढा." यजमान बिचारा निम्मे करत बसतो. माझा नवरा गेला तेव्हा स्मशानातून परत येऊन त्यानं मला मोठ्या मायेनं सांगितलं, "आक्का, काळजी करू नका, दोनशेच्या वर पाय हुते." मी रडायची थांबले आणि निम्मे करायला लागले.

मी त्याला तोंडावर तुम्ही म्हणते. इथं अरेतुरे लिहिते, कारण तो हे वाचणार नाही. त्याला वाचता येत नाही.

पायांची सवय वाडवडलांकडून आलेली. ती माणसं खुटबावकडची, मेंढरं राखणारी. उन्हात मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून उभी राहतात, म्हणून डोक्यांवरून मोजलं की चूक होते. आप्पाच्या बापानं त्याला पाय मोजायला शिकवलं. पुढं मेंढरं गेली, आप्पा दौंडला रेल्वेत लागला, पण मोजणी तीच राहिली.

दौंडला आमची घरं समोरासमोर. मागं रेल्वे कॉलनीचं बास्केटबॉलचं मैदान. हा खेळ आमच्याकडे रेल्वेच्या गोऱ्या, अँग्लो-इंडियन गार्डसाहेबांनी आणला. ते एकेक करून ऑस्ट्रेलियाला निघून गेले. शेवटच्या गार्डनं जाताना बॉल आप्पाच्या हातात दिला, कारण मैदानावर चुन्याच्या रेघा मारायला आप्पाच जायचा आणि त्या वेळी तिथं दुसरं कोणी नव्हतं. एवढ्यावर आप्पा शिक्षक झाला.

त्याला खेळाचा एकही इंग्रजी शब्द येत नव्हता. पोरांना बोलवायचं तर शिट्टी नाही, मेंढरांना घालतात तशी हाक, "हर्रर्र, च्यॅक च्यॅक." पोरं पळत यायची. समोरच्यांना अडवायचं असलं की ओरडायचा, "वाघर लावा." वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी. पाचही जण हात पसरून आडवे उभे राहायचे आणि कोणाला आत सोडायचे नाहीत. पुण्याचे पँटवाले मास्तर पहिल्यांदा हसले. नंतर हरले आणि हसायचे थांबले.

पोरं दहा. पाच मैदानात, पाच कडेला. मेंढरांत वीस नगांची खंडी होते. आप्पानं पोरांची खंडी पायांवर ठरवली. रोज संध्याकाळी पाचला तो रांगेपुढून वाकून चालायचा, पाय मोजायचा आणि म्हणायचा, "खंडी भरली. खेळा." एकोणीस भरले तर खेळ सुरू होत नसे. दत्ता नावाचं एक पोरगं मुद्दाम एक पाय वर धरून उभं राहायचं. आप्पाला ते कधी कळलं नाही. तो पुन्हा पहिल्यापासून मोजायचा.

या दहांत सलीम हा आप्पाचा म्होरक्या. कळपाच्या पुढं चालणाऱ्या मेंढराला म्होरक्या म्हणतात. त्याच्या गळ्यात घंटा असते आणि बाकीची आवाजामागं जातात. सलीम स्टेशन रोडच्या शिंप्याचा मुलगा. बाप लवकर गेला, आई जुलेखाभाभी आमच्या सगळ्यांचे ब्लाउज शिवायची. उंची इतकी की माझ्या दारातून तो वाकून यायचा आणि तरी चौकटीला डोकं आपटायचा. आप्पानं सरावाला त्याच्या बुटाच्या नाडीला पितळेची बारकी घंटा बांधली. सलीम कुठं आहे ते बाकीच्यांनी बघायचं नाही, ऐकायचं. सामन्यात पंच ती घंटा सोडायला लावायचे, पण तोवर पोरांच्या कानात ती बसलेली असायची. न बघता बॉल टाकायचे, न बघता धरायचे. आमच्या पत्र्यावर बॉल पडायचं प्रमाण तेव्हा खूप कमी झालं होतं, म्हणून मला ते आठवतं.

मग शिरूरच्या बाजूला नवे कारखाने आले. त्यातल्या एकाला आपली टीम काढायची होती. त्यांचे खेळाचे साहेब शिरूरच्या सामन्यांना आले, सलीमचा खेळ पाहिला आणि दुसऱ्या दिवशी जीप घेऊन दौंडला हजर. करार तीन वर्षांचा. दर महिन्याला पगार, राहायला खोली, आणि तीन वर्षांनी कंपनीत कायमची नोकरी. अट एकच. खेळायचं ते कंपनीकडून, दुसऱ्या कोणाकडून नाही. साहेब म्हणाले, सोमवारी येतो, तेव्हा सही झालेली पाहिजे.

जुलेखाभाभीनं त्या दिवशी मशीन बंद ठेवून शिरखुर्मा केला. ईद नव्हती. आम्हालाही वाटी आली. आप्पानं त्याची वाटी झाकून ठेवली. ती दोन दिवस तशीच होती, मग मी मांजराला घातली.

मैदानावर त्या चार दिवसांत कोणी धड खेळलं नाही. सगळे सलीमकडे बघायचे आणि सलीम जमिनीकडे. रविवारी बॉल आमच्या पत्र्यावर आला. तो द्यायला मी मागच्या दाराला गेले, तर पोरं निघून गेलेली आणि आप्पा नि सलीम दोघंच. आप्पाच्या हातात भंडाऱ्याची पिशवी होती.

आप्पा त्याला बापाची गोष्ट सांगत होता. बापानं म्होरक्या व्यापाऱ्याला विकला. दुसऱ्या दिवशी सकाळी कळप त्याच्या मागावर सोलापूर रस्त्याला लागला आणि कासुर्डीपर्यंत गेला. रस्ता ट्रकांचा. निम्मी मेंढरं तिथंच गेली. उरलेली बापानं विकून टाकली.

"तू गेलास की हे नऊ उद्या तुझ्यामागं निघतील," आप्पा म्हणाला. "म्होरक्या थांबला की कळप थांबतो. उचल भंडारा."

"अम्मी म्हणती सही कर." सलीम हळूच म्हणाला. "आन् आप्पा, आमच्यात भंडाऱ्याची शपथ नसती."

"देव कुठला का असंना. हात तुझाच हाय न्हवं?"

सलीमनं हात पँटीला पुसला. मग त्यानं चिमूटभर भंडारा उचलला. मी मध्ये बोलायला हवं होतं. बॉल हातात धरून मी तशीच उभी राहिले.

दिवेलागणीनंतर जुलेखाभाभी माझ्या उंबऱ्यावर येऊन बसली. म्हणाली, "आक्का, पोराच्या हाताला हळद लागली, पण लग्नाची न्हाई."

सोमवारी जीप आली. सलीमनं नाही म्हणून सांगितलं. मला वाटलं होतं साहेब समजावतील, चिडतील. तसलं काही झालं नाही. त्यांनी कागदाची घडी घातली आणि बाकीच्या पोरांकडे वळून विचारलं, "मग दुसरं कोण येतंय?"

दत्तानं हात वर केला. त्याच्या पाठोपाठ आणखी दोघांनी. शपथ एकट्या सलीमला घातलेली होती. मेंढरांना कोण शपथ घालतं? एकासाठी आलेली जीप तिघांना घेऊन गेली. पुढच्या महिन्यात एक पोरगं पोलिसात भरती झालं, एकाला पुण्याच्या कॉलेजनं उचललं.

आप्पा रोज संध्याकाळी वाकून मोजायचा. चौदा. मग दहा. "आक्का, आसं हुत न्हाई," तो मला म्हणाला. "म्होरक्या तर हितंच हाय."

मी म्हणाले, "आप्पा, ती मेंढरं नव्हती."

त्याचा राग आला नाही त्याला. मी काहीतरी नवीन सांगितल्यासारखा तो माझ्याकडे बघत राहिला.

उरलेल्या पाचांना घेऊन तो शिरूरच्या सामन्यांना गेला. मीही गेले, कारण माझी बहीण तिथं असते. पहिलाच सामना त्या कंपनीशी लागला. समोर दत्ता नि ते दोघं, निळ्या नव्या कपड्यांत. आमचे पाच जुन्या बनियनांवर.

सलीम चांगला खेळला. हे मी खेळातलं कळतं म्हणून सांगत नाही, सगळे म्हणत होते म्हणून सांगते. पण दोन वेळा असं झालं की तो तिघांच्या घोळक्यात सापडला आणि त्यानं न बघता डाव्या हाताला बॉल टाकला. डाव्या हाताला कायम दत्ता असायचा. आताही दत्ताच होता. त्यानं न बघता धरला आणि जाऊन जाळीत टाकला, आमच्याविरुद्ध. आणि आप्पानं टाळ्या वाजवल्या. दोन्ही वेळा. हाताची सवय.

पुढं आमची पोरं विस्कटली तेव्हा आप्पानं हाक घातली, "हर्रर्र, च्यॅक च्यॅक." आमचे पाच पळत आले. निळ्या कपड्यांतले तिघंही दोन-तीन पावलं पळत आले आणि थांबले. लोक पोट धरून हसले. त्यांचे साहेबसुद्धा. मीसुद्धा हसले, खोटं कशाला सांगू. आप्पा त्या तिघांच्या पायांकडे बघत होता. त्याचे ओठ हलत होते.

किती गुणांनी हरलो ते विचारू नका. परतताना एसटीत सलीमनं पिशवीतून ती पितळेची घंटा काढली आणि आप्पाच्या मांडीवर ठेवली. टीम तिथंच संपली.

पंधरा दिवसांनी आप्पा वही आणि पेन घेऊन माझ्याकडे आला. मी चौथी शिकलेली, त्यामुळं आमच्या ओळीत कागदाचं काम माझ्याकडे येतं.

"लिव्हा आक्का. सायबाला नमस्कार. चूक म्हाताऱ्याची हाय, पोराची न्हाई."

तेवढंच पत्र. पुढं काय लिहू विचारलं तर म्हणाला, पुढं काय नाही. मी कारखान्याचा पत्ता घातला, टाकलं. उत्तर आलं नाही. तेव्हा आम्ही दोघं एसटीनं गेलो. पाट्या वाचायला मी लागत होते. साहेब भेटले, चहा दिला, चांगले बोलले. जागा भरली होती. ते म्हणाले, "मी स्वतः दारात आलो होतो ना, आजोबा."

आप्पा खुर्चीच्या कडेला बसून म्हणाला, "माझं तिघं तुमच्याकडं हायती. त्यातलं दोन मला माघारी द्या आन् माझा म्होरक्या घ्या. दोनाला एक. तुमचा फायदा हाय."

साहेबांना वाटलं म्हातारा गंमत करतोय. मी कपबशी खाली ठेवली आणि त्याला उठवलं. परतीच्या गाडीत तो खिडकीकडे तोंड करून बसला. दौंड येईपर्यंत मला त्याच्या टोपीची मागची बाजूच दिसत होती.

याला आता बरीच वर्षं झाली. दत्ता कंपनीत कायम झाला, त्यानं शिरूरला घर बांधलं. मैदानाच्या एका खांबाची जाळी गेली, दुसऱ्यावर कोणीतरी कपडे वाळत घालतं. आप्पा निवृत्त झाला. बायको आधीच गेली होती, मूलबाळ नव्हतं. सलीम आता दौंड ते पाटस सहा सीटची काळी रिक्षा चालवतो. इतक्या उंच माणसाला ती गाडी फार बुटकी. गुडघे हँडलला लागतात आणि मान सारखी वाकडी धरावी लागते. जुलेखाभाभी आता शिवत नाही, जवळचं दिसत नाही तिला. माझ्याशी बोलते. आप्पाच्या दारावरून जाताना मात्र पदर पुढं ओढते.

आप्पा नि सलीम बोलत नाहीत, असं मी धरून चालले होते. कॉलनीतही सगळे तसंच म्हणतात. परवा मला पाटसच्या डॉक्टरकडे जायचं होतं. भर दुपारची वेळ. स्टँडवर सलीमच्या रिक्षात जाऊन बसले. सहा सीटच्या गाडीत नऊ माणसं बसवतात, दहावा सलीम. त्याशिवाय स्टँडवरून गाडी सोडायची नाही, असा रिक्षावाल्यांचा नियम. आम्ही आठ जण अर्धा तास उकडत बसलो होतो. नववं माणूस येईना. एक बाई उतरायची भाषा करायला लागली.

तेवढ्यात लिंबाखालच्या बाकड्यावरून आप्पा उठला. हळूहळू आला, वाकला आणि एका बाजूनं पाय बघत गेला. माझे पाय त्यानं ओळखले की नाही, सांगता येत नाही. मग सलीमशेजारी पुढच्या पट्टीवर अर्धा टेकला.

"तुझं दोन धरून खंडी भरली," तो म्हणाला. "हाक."

सलीमनं गाडी काढली. दोघंही समोर बघत होते. स्टँड सुटला, गाव मागं पडायला लागलं. रेल्वेच्या रुळांखालच्या मोरीतून बाहेर आल्यावर सलीमनं कोणी न सांगता गाडी बाजूला घेतली. आप्पा उतरला आणि काठी टेकत, उन्हातून, स्टँडकडे माघारी चालायला लागला.

मी सलीमला विचारलं, "हे काय रे? कुठं निघाले होते आप्पा?"

"कुठंच न्हाई, काकू. एक माणूस कमी पडला की येत्यात."

"रोज?"

"दिसातनं चार-पाच वेळा." त्यानं गियर टाकला. "मी लई सांगितलं नका येऊ म्हनून. ऐकत न्हाईत. आता मोरीपाशी थांबतो."