चव्हाणभाऊंची चैत्रातली सर्व्हिस

आमच्या कॉलनीत नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं. जवळपास नदी नाही, तळं नाही. कोपऱ्यावर एक विहीर आहे, तिच्यात होळीनंतर कबुतरं राहायला येतात. आणि अशा या लोहाऱ्यात, एमआयडीसीच्या मागच्या बाजूला, चव्हाणभाऊंच्या अंगणात एक मोटरबोट उभी आहे. निळी, फायबरची, सहा माणसांची. दोन चाकांच्या ट्रेलरवर, कडुनिंबाखाली, ताडपत्री पांघरून.

नेरच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर मी इथं घर घेतलं. सामान उतरवता उतरवता टेम्पोवाल्याला ती बोट दिसली. हातातलं कपाट तसंच धरून त्यानं मला विचारलं, "सर, इथं पूर येते का?"

मी काय सांगणार? मीच नवा होतो.

चव्हाणभाऊंनी पाटबंधारे खात्यात जन्मभर धरणावरची पाहणीची बोट चालवली. साहेब लोकांना पाण्यावर फिरवून आणायचं आणि कोरडं परत आणायचं, ही त्यांची नोकरी. निवृत्तीनंतर खात्यानं एक जुनी बोट लिलावात काढली, ती यांनी घेतली. मुलगा हैदराबादला. बायको मी येण्यापूर्वीच वारलेली. घरात ते एकटे, अंगणात बोट. कॉलनीचं मत असं की माणूस चांगला आहे, फक्त बोटीपायी डोक्यानं सरकला आहे.

वर्षभर ती बोट मुकी असे. पाडवा झाला, की दुसऱ्या दिवशी सकाळी ताडपत्री निघायची आणि चव्हाणभाऊंची सर्व्हिस सुरू व्हायची. इंजिनाचे प्लग काढून घासायचे. गिअरचं ऑईल उतरवून बोटाला लावून पाहायचं: काळं असलं तर ठीक, दुधासारखं पांढरं दिसलं तर आत पाणी शिरलं. फायबरवर बोटाच्या गाठीनं टकटक करत आडवं-उभं फिरायचं, डॉक्टर छाती तपासतो तसं. ट्रेलरची चाकं जॅकवर उचलून बेरिंगमध्ये नवं ग्रीस भरायचं. मागचे लाल दिवे लागतात का, ते पाहायला कोणालातरी मागं उभं करायचं.

"गाडी रस्त्यावर बंद पडली तं धक्का मारता येते," ते सांगत. "पान्यात कोनाले सांगसान, धक्का मार म्हनून?"

पहिल्या वर्षी मी म्हणालो, "अहो, पण ही पाण्यात जाते कधी?"

"जाते ना. सालातून एक डाव."

"एकदाच जाते, तर दर वर्षी एवढं कशाला?"

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की वर्गात मी ज्या नजरेनं पोरांकडे पाहत असे ती मला आठवली. "सर, तुमी तोंड कायले धुता रोज? रोज लग्नाले जाता का?"

सर्व्हिस झालेल्या वस्तूवर पिवळ्या ऑईलपेंटनं तारीख टाकायची, ही त्यांची आणखी एक खोड. बोटीचं इंजिन झालं, ट्रेलर झाला, तरी डबीत रंग उरायचा. मग ते गल्लीत निघायचे. मेश्रामबाईंची शिलाई मशीन, माझी स्कूटर, मंदाचा मिक्सर. मंदा म्हणजे माझी बायको. मिक्सरला तेल देऊन त्यांनी त्याच्या कपाळावर तारीख टाकली, तेव्हा ती म्हणाली, "भाऊ, आता यांच्यावरही टाकून द्या. साठीनंतर यांना कोणी तपासलंच नाही." त्यांनी खरोखरच माझ्याकडे ब्रश घेऊन पाहिलं. "वहिनी, याहीचे गुडघे आवाज करतात," एवढंच निदान त्यांनी केलं.

पण सगळ्यात मोठा सोहळा म्हणजे इंजिन चालवून पाहणं. बोटीचं इंजिन कोरडं चालवता येत नाही. त्याच्या पोटात पाणी खेचणारं एक रबराचं चक्र असतं, ते पाण्यावाचून मिनिटात जळतं. म्हणून बोटीच्या मागं एक निळा ड्रम ठेवायचा, तो काठोकाठ भरायचा आणि इंजिनाचं पातं त्यात बुडवायचं. आठवड्यातून एकदा पाणी येणाऱ्या गल्लीत.

"इथं मानसाले प्याले पानी नाही," मेश्रामबाई कुंपणावरून ओरडल्या, "अन् याच्या इंजनाले आंघोळ!"

"बाई, आंघोळीचंच पानी हाय. मी चार दिवस केली नाही," चव्हाणभाऊ म्हणाले. ते खरं होतं. जवळ उभं राहिल्यावर कळत होतं.

त्या दिवशी मला त्यांनी इंजिनाचा दांडा धरायला दिला. दांडा मधोमध असला की पातं फिरत नाही, नुसतं इंजिन चालतं. "मधातच राहू द्या, सर. हलवू नका." मी दोन्ही हातांनी धरला. त्यांनी दोरी ओढली. एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा गल्लीत असा आवाज झाला, की कोपऱ्यावरच्या विहिरीतली सगळी कबुतरं एकदम वर आली.

मी ड्रमच्या फार जवळ उभा होतो. चव्हाणभाऊ ओरडले, "मांगं! सर, मांगं!"

त्यांचं म्हणणं, मी मागं सरावं. मी दांडा मागं ओढला.

पातं फिरलं. ड्रममधलं पाणी आधी फुगलं आणि मग उभंच्या उभं बाहेर आलं. ते कुंपणावरून पलीकडे गेलं. पलीकडे मेश्रामबाईंनी दोन बाजांवर कुरड्या वाळत घातल्या होत्या. पहाटेपासून चीक शिजवून, सोऱ्यानं एक एक पाडलेल्या. पाणी ओसरलं तेव्हा बाजेवर पुन्हा चीकच होता.

इंजिन बंद झालं. मेश्रामबाई कुंपणाशी आल्या. त्या क्षणी आमच्या ओट्यावरून मंदाचं हसू सुरू झालं. ती हसायला लागली की तिला थांबता येत नसे. पदर तोंडात कोंबला, खांबाला धरलं, शेवटी खाली बसली. तिला पाहून मेश्रामबाईंना आधी राग आला आणि मग त्याही हसत खाली बसल्या. चव्हाणभाऊ ड्रममध्ये वाकून पाहत होते. "पंप एक नंबर हाय," ते म्हणाले.

पुढचे दोन दिवस मंदानं मेश्रामबाईंसोबत नव्या कुरड्या घातल्या. सोऱ्या फिरवायला चव्हाणभाऊ आणि मी. मेश्रामबाईंनी शिक्षाच तशी दिली होती.

त्यानंतरच्या रविवारी बोट पाण्यात गेली. चव्हाणभाऊंची जुनी जीप पुढं, बोट मागं, आणि जीपमध्ये आम्ही तिघं. वाटेत बोरी अरबला बाजार होता. चहाला थांबलो, तर पिशवी घेतलेली दोन माणसं ट्रेलरमागं येऊन उभी. "कसे किलो?" बोट आहे म्हणजे मासे असणारच. धरणावर पोचल्यावर लगेच पाण्यात उतरायचं नाही. चाकं गरम असतात, गरम चाक थंड पाण्यात गेलं की बेरिंग पाणी ओढून घेते. म्हणून काठावर तासभर बसायचं. मग बोट पाण्यात, अर्धा तास फेरी, आणि परत. मंदा बोटीच्या कडेला घट्ट धरून बसायची आणि धरणाच्या मध्यावर गेल्यावर म्हणायची, "भाऊ, जरा बंद करा ना हे." ते इंजिन बंद करायचे. बोट तशीच तरंगत राहायची.

असे पाच चैत्र झाले.

मागच्या भादव्यात मंदा गेली. ताप आला, नागपूरला नेलं, अकरा दिवसांत सगळं संपलं. माणसं आली, गेली. चव्हाणभाऊ तेरा दिवस रोज सकाळी येऊन ओट्यावर बसत. नंतर मीच दार लावून घ्यायला लागलो. मेश्रामबाई डबा ठेवून जात, कधी तो तसाच परत जाई. दिवाळी झाली ती मला फटाक्यांवरून कळली. दिवस उजाडायचा आणि त्याचं काय करावं ते समजायचं नाही.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी दार वाजलं. चव्हाणभाऊ, हातात जॅक.

"सर, चला. बेरिंग पाहाची हाय."

"बेरिंग? ती तर चैत्रात."

"आवाज करून राह्यली."

"बोट जागची हललेली नाही, आवाज कुठून करेल?"

त्यांनी जॅक या हातातून त्या हातात घेतला. "चला तं," म्हणाले. वाद घालायची ताकद नव्हती, म्हणून मी गेलो.

त्यांनी डावं चाक उचललं आणि पाना माझ्या हातात दिला. मी चाक काढलं, मधली टोपी ठोकून सैल केली, बेरिंग तळहातावर घेतली. वर्षभराचं ग्रीस काळं पडतं, हे एव्हाना मलाही माहीत होतं. हे मधासारखं होतं. पिवळं, नितळ. कुणाच्या तरी बोटाचा ठसा त्यात तसाच होता.

मी वर पाहिलं. चव्हाणभाऊ कडुनिंबाकडे पाहत होते.

"भाऊ, हे कालचं आहे."

त्यांनी हात चिंधीला पुसले. मग ट्रेलरच्या दांडीवर बसले.

"माही बायको गेली तवा मी चार महिने बाजेवरून उठलो नाही, सर. पोरगा म्हने, हैदराबादले चला. तिथं जाऊन काय करू? मंग हे लिलावात दिसली." त्यांनी बोटीकडे मानेनं खूण केली. "लोकाईले वाटते, मले बोटीचं याड हाय. जिंदगीभर तेच चालवली, मले कायचं कौतुक? पन हिले काम लागते. हे बसू देत नाही."

मी रॉकेलची वाटी पुढं ओढली. ते नवं कोरं ग्रीस पूर्ण धुऊन काढलं, एक एक गोळी चिंधीनं पुसली, उजेडात धरून पाहिली. मग तळहातावर डबीतलं ग्रीस घेऊन बेरिंगची कड त्यात दाबत गेलो, पलीकडून बाहेर येईपर्यंत. चव्हाणभाऊंनी दोनदा चूक काढली. चाक बसवलं, फिरवून पाहिलं. ते आवाज न करता फिरलं. वर पाहिलं तर ऊन ओट्यावर आलं होतं. जेवायची वेळ झाली होती आणि मला भूक लागली होती.

त्यांच्याकडेच भाकर आणि ठेचा खाल्ला. हात धुता धुता मी विचारलं, "उजवं चाक?"

"उद्या," ते जॅक उचलत म्हणाले. "दोन्ही एकाच दिवशी कराची घाई कायले?"

घरी आलो, कपाट उघडलं आणि उद्यासाठी एक जुना शर्ट काढून खुर्चीवर ठेवला.